पाचटाखालची ओल

ईरम्माच्या गल्लीत नळाला पाणी पाचव्या दिवशी यायचं. यायचं म्हणजे काय, सहा ते आठ अशी वेळ सांगायची आणि साडेसहालाच नळ घरघरून गप्प बसायचा. जुळे सोलापुरातल्या त्या सगळ्या बंगल्यांत माणसं पाणी जपून वापरत आणि झाडांच्या वाट्याला भांडी विसळलेलं पाणी जाई. ईरम्मा एका झाडाच्या बाबतीत मात्र कुणाचं ऐकत नसे. अंगणातल्या बेलाला रोज सकाळी एक तांब्या, तोही चांगल्या पाण्याचा. स्वतः अंघोळीला अर्ध्या बादलीत भागवेल, पण बेलाचा तांब्या चुकायचा नाही.

सकाळी गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन ती पूजा करायची. पाणी, विभूती, बेलाचं पान. पूजेचं पाणी कुणाच्या पायाखाली येऊ नये म्हणून ते बेलाच्या खोडाशी ओतायचं, आणि तांब्यात उरलेलं साधं पाणीही त्याच्यामागून. ओतताना ती कानडीत हळूच म्हणायची, "नीर कुडीरी." पाणी प्या. झाडाला कुणी अहोजाहो करत नाही हे तिलाही कळत होतं. पण हे झाड तिच्या नवऱ्याचं होतं, आणि नवऱ्याला तिनं बेचाळीस वर्षांत कधी अरेतुरे केलं नव्हतं.

तिच्या नवऱ्याचं, चन्नप्पाचं, भुसार मालाचं दुकान होतं. माणूस धिप्पाड, हसरा, जेवताना तांब्याभर पाणी एका दमात पिणारा. शेवटच्या दीड वर्षात त्याची मूत्रपिंडं गेली. डॉक्टरांनी बजावून सांगितलं, दिवसाला अर्धा लिटर पाणी, त्यातच चहा आला, त्यातच आमटी आली. घरात दुसरं कोण होतं मोजायला? ईरम्माच मोजायची. पहिल्यांदा तो चिडायचा, मग विनवायचा, शेवटी शेवटी लहान पोरासारखा तिच्याकडं बघत राहायचा. ती माठ आतल्या खोलीत नेऊन ठेवायची आणि ओल्या फडक्यानं त्याचे ओठ पुसायची. गेला त्या दिवशीही त्यानं पाणीच मागितलं होतं, आणि त्या दिवसाचं अर्धा लिटर संपलेलं होतं.

लिंगायत रीतीप्रमाणं बसवून माती दिली त्याला. तिसऱ्या दिवशी समाधीवर गेली तेव्हा ईरम्मानं मूठभर माती पदराला बांधून आणली. असं करायला तिला कुणी सांगितलं नव्हतं. घरी येऊन तिनं अंगणात खड्डा घेतला, ती माती तळाला टाकली आणि वर बेलाचं रोप लावलं. त्या गोष्टीला तीन वर्षं झाली. झाड डोक्याच्या वर गेलं होतं, हिरवंगार होतं, आणि तीन वर्षांत एकही सकाळ ते कोरडं राहिलं नव्हतं.

मायाप्पा तिच्याकडं आला तो गड्ड्याची जत्रा उठता उठता, जानेवारीच्या शेवटी. गुडघ्यांनी दगा दिल्यामुळं ईरम्माला खुरपं हातात धरवेना, तेव्हा दोन घरं पलीकडच्या राजेश्वरीनं आपल्याकडचा माळी तिच्याकडं पाठवून दिला. मायाप्पा मूळचा सांगोल्याकडचा. पंचवीस वर्षं मेंढरांमागं हिंडलेला, मग शहरात येऊन माळी झालेला. गल्लीतल्या तीन बंगल्यांत त्याचा हात फिरत होता. ईरम्माचं चौथं घर. वय पासष्टीच्या पुढचं, बोलणं कमी, आणि जे बोलायचा ते समोरच्याला गोड लागतंय की कडू याची चौकशी न करता.

पहिल्याच दिवशी तो बेलापाशी थांबला. दोन बोटांत खोड धरून त्यानं जरा हलवलं. झाड हलत्या दातासारखं बुडापासून हललं.

"कुनाच्या हातचं झाड हे?"

"माझ्या. का?"

त्यानं खाली बसून खुरप्यानं बोटभर माती बाजूला केली. खाली पांढऱ्या दोऱ्यांचा गुंता होता.

"ही बघा आक्का. समदी मुळं हितंच, खोडाच्या भवती. खाली कशाला जातील? रोज जाग्यावर मिळतंय की. खाली सगळा मुरूम कोरडा ठाक हाय. तुमी झाडाला पानी पाजत न्हाय, नुसतं तोंड वलं करताय."

ईरम्मा आत निघून गेली. मायाप्पाला वाटलं, मालकीण रागावली. रागावली होतीच, पण त्याच्यावर नव्हे. ओला फडका, सुकलेले ओठ, ते डोळे, सगळं त्या एका वाक्यानं तिच्यापुढं आणून उभं केलं. दोन दिवस सकाळचा तांब्या ओतून झाला की ती अंगणात आलीच नाही, खिडकीतून बघत राहिली.

तिसऱ्या दिवशी तिला बाहेर यावंच लागलं, कारण बेंगळुरूहून तिच्या लेकीचा, महेश्वरीचा फोन आला होता. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात दोन्ही गुडघ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं. दोन महिने तिकडंच राहायचं. महेश्वरीचा शब्द म्हणजे ठरलेला कार्यक्रम, त्यात इकडचं तिकडं होत नसे. आईला ती अव्वा म्हणायची, पण बोलायची मास्तरीणबाईंसारखी.

"दोन महिनं बेलाचं कसं करायचं?" ईरम्मानं मायाप्पाला विचारलं.

"माज्यावर टाका. पन तुमी न्हाय म्हंजे नळ आल्यावर भरून ठेवायला कोन न्हाय. मी ज्या दिवशी पानी येतंय त्या दिवशी येईन. पाच दिसातनं येकदाच मिळंल त्याला."

"मे महिन्यात? मरंल की."

"आता हाय तसं ठेवलं तर मरंल. पाच दिसावर जगायचं त्याला शिकवाय पायजे. दोन महिनं हायत आपल्याकडं, शिकतंय."

मग त्यानं सांगितलं ते असं. खोडापासून हातभर अंतरावर दोन बाजूंना दोन कच्चे माठ गळ्यापर्यंत पुरायचे. पाणी आलं की ते भरायचे आणि वर फरशीचा तुकडा झाकायचा. माठातून पाणी आतल्या आत झिरपत राहतं, खालची माती ओलावते, आणि मुळं त्या ओलीच्या वासानं निघतात. महिन्यानं माठ उपटून आणखी हातभर लांब आणि खोल पुरायचे. पूजेचं पाणी ओतायला हरकत नाही, पण खोडाशी नाही. त्यानं एक खुंटी ठोकली. या आठवड्यात पाणी खुंटीशी ओतायचं, पुढच्या आठवड्यात खुंटी वीतभर पुढं सरकायची. आळ्यात वर उसाचं पाचट पसरायचं म्हणजे ऊन मातीला लागत नाही. पाचट वेळापूरहून यायचं होतं. त्याच्या लेकीचं, मायाक्काचं, सासर तिकडं उसाच्या पट्ट्यात होतं.

"मूळ पान्याच्या मागं जातंय आक्का. पन जाग्यावर मिळायचं थांबल्याबिगर ते पाऊल उचलत न्हाय. जरा तान लागू द्यावी लागती."

"तहान?"

"व्हय. दोपारचं पान जरा मान टाकंल, संध्याकाळी परत वर येतंय. तेवढं तुमी बघायचं न्हाय." आणि मग तो उभा राहिला. "शब्द द्या. खोडाशी येक थेंब न्हाय. न्हायतर मला कळायचं न्हाय मुळं कुटं हायत, आन मी आपला आंधळ्यासारखा माठ सरकवत बसायचो."

ईरम्मानं गळ्यातल्या लिंगावर हात ठेवला. "शब्द दिला." तिच्या घरात त्या हाताच्या वर दुसरी शपथ नव्हती. मायाप्पालाही ते ठाऊक असावं, कारण त्यानं पुन्हा विचारलं नाही.

दोन दिवस तिनं तो शब्द पाळला. तिसऱ्या दिवशी दुपारी तिनं बघायचं नव्हतं तेच बघितलं. बेलाची पानं खाली लोंबली होती. संध्याकाळी ती पुन्हा वर आली, अगदी मायाप्पा म्हणाला होता तशी, पण ते बघायला ती थांबली नव्हती. ती आत जाऊन पडली होती. माठ आतल्या खोलीत नेऊन ठेवणारी बाई ती. आता परत, म्हातारपणी, तिला तेच काम कुणीतरी सांगत होतं.

चौथ्या दिवशी उजाडता उजाडता ती पूजा करून बाहेर आली. खुंटीशी अर्धा तांब्या ओतला. मग इकडंतिकडं बघितलं, दुखरा गुडघा तसाच वाकवून खाली बसली, खोडाजवळचं पाचट बाजूला सारलं आणि उरलेलं अर्धं तिथं ओतलं. "नीर कुडीरी." पाचट परत जागच्या जागी सारखं केलं. एवढ्याशानं काय होतंय, असं तिनं मनाशी म्हटलं. शब्द मोडताना माणूस हेच म्हणतो.

पुढच्या दिवशी खुंटीशी एक तांब्या आणि खोडाशी एक तांब्या झाला. आठ दिवसांत ते इतकं अंगवळणी पडलं की आपण चोरी करतोय असंही तिला वाटेना. मायाप्पा दहाला यायचा, तोवर पाचट वरून वाळून कोरडं खडखडीत झालेलं असायचं. तो खुंटीपाशी बोट खुपसून बघायचा, ओल असायची. माठ बघायचा. झाडाकडं बघायचा, आणि झाड तर हसत होतं.

"चाललीत बगा मुळं," तो म्हणायचा. "खोडाशी पानी न्हाय तरी पान खाली येत न्हाय. लई शानं झाड हाय."

फेब्रुवारीत त्यानं खुंटी चार वेळा सरकवली. मार्चच्या सुरुवातीला माठ उपटून लांब पुरले, कमरेइतके खोल. माठांना मूळ चिकटलेलं नव्हतं, पण झाडाचा तजेला बघून मुळं माठाखालून पुढं गेली असं त्यानं धरलं. बेलाला कोवळी तांबूस पालवी फुटली होती. त्या दिवशी तो चक्क राजेश्वरीला बोलावून घेऊन आला.

"बघा ताई. सोलापूरच्या मार्चात, खोडाशी येक थेंब न घालता. आक्कानी शब्द पाळला म्हनून झालं हे." तो राजेश्वरीशी बोलत होता, पण अभिमानानं बघत होता तो ईरम्माकडं. "मला लिव्हता वाचता येत न्हाय. पन मुळांचं मला कळतं."

राजेश्वरी कौतुकानं मान डोलावत होती. ईरम्मानं चहा ठेवते म्हणून पाठ फिरवली. स्वयंपाकघरात उकळता चहा ओट्यावर सांडेपर्यंत ती नुसती उभी होती. तेव्हाच बाहेर जाऊन सांगायला हवं होतं. महिना हातात होता अजून. पण राजेश्वरीपुढं सांगायचं? लिंगावर हात ठेवून दिलेला शब्द मोडला म्हणून? ज्या बाईच्या शब्दावर आख्खी गल्ली भिशीचे पैसे निर्धास्त ठेवायची, तिनं? उद्या सांगू, असं तिनं ठरवलं. उद्या मायाप्पा आला तेव्हा तो पाचट भरून आणण्याच्या गडबडीत होता. मग परवा. असे परवा एप्रिलपर्यंत पुरले.

निघायच्या सकाळी तिनं खोडाशी दोन तांबे ओतले. बाहेर महेश्वरी गाडीत सामान भरत होती. मायाप्पा फाटकाशी निरोप द्यायला उभा होता.

"मायाप्पा," ईरम्मा म्हणाली.

"बोला की."

"बेलाला..."

"अव्वा, बस आता, ऊन चढायच्या आत विजापूर गाठायचंय," महेश्वरी म्हणाली.

"काळजी करू नका आक्का," मायाप्पानं हात जोडले. "तुमचा बेल म्हंजे माजा बेल."

गाडी निघाली.

पहिल्या दहा दिवसांत ईरम्माला गुडघ्यांपलीकडं काही सुचत नव्हतं. मायाप्पाचा पहिला फोन आला तेव्हा ती औषधाच्या गुंगीत होती. झाड बरं हाय, एवढंच तिला कळलं. दुसरा फोन आला तेव्हा मात्र ती पूर्ण शुद्धीत होती आणि महेश्वरी शेजारी बसून सफरचंद कापत होती.

"आक्का, पानं पिवळी पडाय लागलीत. मी माठ भरतोय तितकं पानी तसंच ऱ्हातंय. झाड वढतच न्हाय. असं कसं व्हतंय, कळंना."

 का ओढत नाही ते ईरम्माला स्वच्छ दिसत होतं. सगळी मुळं अजून खोडाभोवती वीतभर जागेत बसून तिच्या तांब्याची वाट बघत होती, आणि माठ होते दोन हात लांब.

"खोडाशी रोज थोडं घालून बघा की," ती म्हणाली.

"तसं करून भागायचं न्हाय. तीन म्हैन्यात खाली गेल्याली मुळं परत वर येतील. तुमी येवढा जीव मारून पाळलं, ते मी कसं वाया घालवू? का आक्का? खोडाशी कायतरी ऱ्हायलंय का?"

त्यानं सरळ विचारलं होतं. याहून सरळ कुणी विचारत नाही. फक्त 'व्हय' म्हणायचं होतं. महेश्वरीनं सफरचंदाची फोड पुढं केली आणि भुवया उंचावून "काय म्हणतो?" असं विचारलं.

"न्हाय," ईरम्मा फोनमध्ये म्हणाली. "तुमाला कळतंय की त्यातलं. तुमाला योग्य वाटंल तसं करा."

फोन ठेवल्यावर तिला कळलं की आपण झाड त्याच्या डोक्यावर ठेवून हात झटकले. त्यानंतर तिनं सफरचंद खाल्लं, औषध घेतलं, व्यायामाची बाई आली तिनं सांगितलं तसे पाय उचलले. रोज ठरवायची की आज फोन करू. एकदा केलाही, तर मायाप्पाचा फोन लागत नव्हता, आणि फोन लागला नाही म्हणून तिला बरं वाटलं. त्या बरं वाटण्याची तिला नंतर फार लाज वाटली.

मायाप्पाचा तिसरा फोन आलाच नाही.

मे संपता संपता महेश्वरी तिला घेऊन सोलापूरला आली. किल्ली राजेश्वरीकडं होती. तिनं फाटक उघडून दिलं आणि आधीच सांगून टाकलं, "काकू, अंगणाकडं एकदम बघू नका." पण अंगण फाटकातच होतं, न बघून कुठं जाणार? बेल उभा होता. पान एकही नव्हतं. काटे तेवढे होते.

"मायाप्पानं काम सोडलं," राजेश्वरी म्हणाली. "आमचंसुद्धा. तिन्ही घरं सोडली. का म्हणून विचारलं तर बोलेना. तुमी आलात की बोलवा म्हणाला, हे झाड मीच काढीन."

महेश्वरीचा चेहरा लाल झाला. वडिलांच्या मातीवरचं झाड होतं ते. "बोलवाच त्याला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मायाप्पा आला. हातात कुदळ, खुरपं. दोन महिन्यांत तो दहा वर्षांनी म्हातारा दिसत होता. ईरम्मा वॉकर पुढ्यात धरून ओसरीवरच्या खुर्चीत बसली होती. त्यानं तिच्याकडं बघितलं नाही.

"आईनं किती विश्वासानं तुमच्यावर सोपवलं होतं," महेश्वरीनं सुरुवात केली. "पाच दिवसांतून एकदा पाणी घालायचं, तेही जमलं नाही? का आलाच नाहीत तुम्ही?"

"आलो ताई. येकबी पाळी चुकली न्हाय."

"मग वाळलं कसं?"

"चूक माजी हाय," मायाप्पा म्हणाला. "माजा अंदाज चुकला."

बस, एवढंच. तो आळ्यापाशी गेला.  महेश्वरी अजून बोलत होती, तीन वर्षं अव्वानं कसं जपलं, कसं एक दिवस खाडा केला नाही, आणि प्रत्येक वाक्य ईरम्माच्या अंगावर येत होतं.

कुदळ मारायची गरजच पडली नाही. मायाप्पानं दोन्ही हातांनी खोड धरून जरा ओढलं, आणि डोक्याच्या वर गेलेलं ते झाड कोथिंबिरीची जुडी उपटावी तसं वर आलं. खाली मुळांची चकती होती, ताटाएवढी, वीतभर जाड. तिच्या बाहेर एक मूळ गेलेलं नव्हतं. ना खाली, ना माठाकडं.

मायाप्पानं झाड आडवं ठेवलं. मग एक माठ उकरून काढला. त्याला एक दोरासुद्धा चिकटला नव्हता. तो माठ त्यानं हातात फिरवून सगळीकडून बघितला. मग खोड जिथं होतं तिथलं उरलंसुरलं पाचट त्यानं बाजूला सारलं.

पाचटाखाली माती पांढरी होती. विभूतीच्या पाण्याचे ओघळ, एकावर एक वाळलेले, आणि त्यात चिकटून बसलेली बेलाची सुकी पानं, पूजेतली, तीन तीन दलांची. माठ पुरले तेव्हा वरची माती खुरपून काळी करून मगच हे पाचट त्यानं स्वतःच्या हातानं पसरलं होतं. त्याच्याखाली विभूती कशी गेली हे त्याला विचारावं लागलं नाही.

त्यानं मान वर करून ईरम्माकडं बघितलं. ईरम्मानं त्याला बघताना बघितलं. तिला वाटलं, आता हा बोलेल, आणि खरं सांगायचं तर तिला सुटल्यासारखं वाटलं.

 मायाप्पानं मात्र खुरपं घेतलं आणि ती पांढरी माती खालवर करायला लागला. पूजेची पानं वेचून त्यानं एका बाजूला, कुणाचा पाय पडणार नाही अशी, भिंतीच्या कडेला ठेवली. पांढरं सगळं काळ्यात मिसळून गेलं.

"काय शोधताय?" महेश्वरीनं विचारलं.

"काय न्हाय ताई. खड्डा बुजवून देतो."

"मायाप्पा, थांबा," ईरम्मा म्हणाली.

वॉकरला धरून ती उठली. महेश्वरी हात द्यायला पुढं झाली तर तिनं हात झिडकारला. ओसरीच्या कडेपर्यंत आली आणि तिथं उभी राहून, पहिल्यांदा लेकीकडं आणि मग त्याच्याकडं बघत बोलली. "त्यांचं चुकलं न्हाय. मी लिंगावर हात ठेवून सांगितलं होतं खोडाशी पाणी घालनार न्हाय म्हणून. रोज घालत होते. जायच्या दिवशीपर्यंत. पाचट उचलून घालायची आणि परत झाकायची. बेंगळुरूला फोन आला तेव्हा त्यांनी मला विचारलं, तेव्हाबी मी न्हाय म्हटलं. तू शेजारी बसली होतीस."

 आईला खोटं बोलताना महेश्वरीनं कधी ऐकलं नव्हतं, आणि ऐकलं होतं तेव्हा तिला कळलं नव्हतं.

"तुझ्या अप्पांना पाणी दिलं न्हाय मी," ईरम्मा म्हणाली. "झाडाला न्हाय म्हणायला झालं न्हाय."

मायाप्पा खड्ड्याच्या कडेला उकिडवा बसून होता. त्यानं खुरप्याची माती अंगठ्यानं खरवडली.

"म्हंजे मला मुळांचं कळतंय अजून," तो म्हणाला. कुणाला उद्देशून नव्हे, त्या खुरप्यालाच सांगितल्यासारखं. "माजी झोप उडाली होती आक्का. म्हनलं, जलमभर ज्याच्यावर पोट भरलं तेच इसरलं का काय. समदं बराबर करून झाड मरतंय म्हंजे काय समजायचं? म्हनून ती घरं सोडली. आपल्या हातानं लोकांची झाडं कशाला मारा."

"मला माफ करा म्हणायचंबी तोंड न्हाय," ईरम्मा म्हणाली.

"त्या फोनवर व्हय म्हनला असता तर झाड वाचलं असतं," मायाप्पा म्हणाला. आवाज चढला नव्हता. "पिवळं पडलं होतं नुसतं. रोज घागरभर खोडाशी ओतली असती मी. न्हाय का?"

"व्हय," ईरम्मा म्हणाली.

त्यानं खड्डा बुजवला, दोन्ही माठ धुऊन भिंतीशी पालथे घातले, वाळलेलं झाड खांद्यावर घेतलं. महेश्वरीनं चहा आणला होता. तो नको म्हणाला. महेश्वरीनं माफी मागितली तेव्हा त्यानं मान हलवली, पण फाटकाबाहेर पडताना मागं वळून बघितलं नाही. उद्या येतो असंही म्हणाला नाही.

दुसऱ्या सकाळी ईरम्मानं पूजा केली आणि तांब्या घेऊन बाहेर आली. सवयीनं त्या जागेपर्यंत गेली. तिथं सपाट माती होती. तिनं आत जाऊन तांब्या देवघरात परत ठेवला, पदर सारखा केला आणि वॉकर घेऊन फाटकाबाहेर पडली. डॉक्टरांनी आणखी महिनाभर घरातल्या घरात चालायला सांगितलं होतं. महेश्वरी मागं धावत आली तर ती म्हणाली, "तू घरात थांब. हे माझं एकटीचं काम हाय."

राजेश्वरीच्या दारात उभ्यानंच तिनं सगळं सांगितलं, लिंगावरच्या हातासकट. राजेश्वरी खुर्ची आणते म्हणाली, ती बसली नाही. मायाप्पानं सोडलेल्या दुसऱ्या घरातली सून फोनवर बोलत होती, तिचं बोलणं संपेपर्यंत ईरम्मा उन्हात थांबली आणि मग पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगितलं. ती सून म्हणाली, जाऊ द्या हो काकू, झाडच ते. ईरम्मानं ते ऐकून घेतलं, कारण आता ऐकून घ्यायची पाळी तिची होती.

तिसरं घर गल्लीच्या टोकाला होतं. तिथं पोचेपर्यंत टाक्यांच्या जागी ठणका लागला होता. फाटकात नवीनच एक माळी पाईप धरून उभा होता, तिशीतला, कानाला फोन. झाडांच्या बुडाशी पाण्याची धार धरायची, माती जरा काळी झाली की पुढं सरकायचं. एका जास्वंदीला दहा मोजेपर्यंतसुद्धा पाणी मिळत नव्हतं.

"रोज असंच घालतोस?" ईरम्मानं विचारलं.

"रोज. एक दिवस खाडा नाही," तो म्हणाला. "काय पाहिजे आजी?"

मालक घरात नव्हते. ईरम्मा वॉकरवर भार देऊन ओल्या मातीकडं बघत राहिली. वर काळी, आणि एका बोटाखाली काय असेल ते तिला आता दिसत होतं.

"मालकांना निरोप सांग, बेल मायाप्पाच्या न्हाय, माझ्या चुकीनं वाळला," ती म्हणाली. "आणि तूबी ऐकून ठेव. पाणी कसं घालायचं ते मायाप्पाला विचार."

"कुठला मायाप्पा?"

"हितं होता तो. त्याला मुळांचं कळतं," ईरम्मा म्हणाली, आणि पुढं चालवेना म्हणून त्यांच्याच पायरीवर बसली.